घरचा लादी पाव : पीठ फुगवायचं कसं आणि फुगलेलं टिकवायचं कसं

पुण्यातल्या एका डिसेंबरात मी पहिल्यांदा लादी पाव करायला घेतला. कृतीत लिहिलं होतं, ‘पीठ तासभर झाकून ठेवा, दुप्पट होईल.’ तासाभराने फडका उचलला तर गोळा होता तेवढाच. यीस्ट खराब निघालं असं धरून मी आणखी दीड चमचा यीस्ट कोमट पाण्यात कालवलं आणि त्याच पिठात मळलं. पीठ फुगलं खरं, पण भाजलेल्या पावाला दारूसारखा वास येत होता, आत मोठमोठी भोकं होती आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की भुगा पडत होता. यीस्टला काहीही झालेलं नव्हतं. स्वयंपाकघरात १८ अंश तापमान होतं आणि त्या गोळ्याला आणखी दीड-दोन तास हवे होते, एवढंच.

तेव्हापासून पाव करताना मी एक गोष्ट कायम डोक्यात ठेवते. पाव फुगणं हे एक काम नाही, दोन आहेत. पिठात वायू तयार व्हावा लागतो आणि तयार झालेला वायू पिठाला धरून ठेवता यावा लागतो. पहिलं काम यीस्टचं, दुसरं मैद्यातल्या ग्लुटेनचं. साखर, मीठ, दूध, लोणी, पाणी, हवा हे सगळे या दोघांपैकी कुणाला तरी हात देतात, नाहीतर कुणाचा तरी पाय ओढतात. पाव बसला की आपण लगेच यीस्टला बोल लावतो. माझ्या ओट्यावर तरी बहुतेक वेळा चूक धरून ठेवण्यात असते, नाहीतर वेळेत.

आधी मैदा धुऊन बघा

ग्लुटेन म्हणजे काय हे वाचून कळत नाही, हातात घेतल्यावर कळतं. म्हणून पाव करण्याआधी एकदा हा प्रयोग कराच. १०० ग्रॅम मैदा आणि ६० मिली पाणी घेऊन घट्ट गोळा मळा. तो अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग पातेल्यात स्वच्छ पाणी घेऊन गोळा हळूहळू चोळत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. कुरडयांचा चीक काढताना दिसतं तेच हे पिष्ट. पाणी बदलत राहा. चार-पाच पाण्यांनंतर ते जवळजवळ नितळ दिसायला लागतं आणि हातात एक पिवळट करडा, रबरासारखा लगदा उरतो. दोन्ही हातांनी ताणला की लांब होतो, सोडला की आखडतो. हेच ग्लुटेन.

त्यात दोन प्रथिनं गुंतलेली असतात. ग्लायडिनमुळे ते ताणलं जातं आणि ग्लुटेनिनमुळे परत खेचलं जातं. कोरड्या मैद्यात ही जाळी नसते. पाणी लागलं आणि मळलं की ती विणली जाते. यीस्टने सोडलेला वायू या जाळीत हजारो बारीक फुग्यांत अडकतो आणि पीठ वर येतं. जाळी कमकुवत असेल तर फुगे फुटतात. मग यीस्ट कितीही घाला, गळक्या बादलीत पाणी ओतल्यासारखं होतं.

पावाला चालेल अशा मैद्याच्या १०० ग्रॅममधून साधारण २५ ते ३० ग्रॅम ओलं ग्लुटेन निघतं. दोन वेगवेगळ्या पुड्यांचा मैदा धुऊन पाहिलात तर कुठला पावाचा आणि कुठला नानकटाईचा हे बोटांनाच समजेल. एवढा खटाटोप नको असेल तर पुडीमागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे प्रथिनं ११ ग्रॅम किंवा जास्त असतील तो मैदा पावाला घ्या. नऊच्या आसपास असेल तर त्याचे शंकरपाळे करा.

कणकेचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गव्हात प्रथिनं भरपूर असतात, पण कणकेतला कोंडा त्या ग्लुटेनच्या जाळीला बारीक सुऱ्यांसारखा कापत जातो. शिवाय चक्कीत दळताना पिष्टाचे कण बरेच तुटतात, त्यामुळे कणीक पाणी जास्त पिते. आधी मैद्याच्या एक तृतीयांश जागी कणीक घ्या, पाणी दोन-तीन चमचे वाढवा, आणि कणीक आधी त्याच पाण्यात अर्धा तास भिजू द्या म्हणजे कोंडा मऊ पडतो. हे जमलं की निम्म्यापर्यंत जा. खपली गव्हाचं ग्लुटेन मुळातच दुबळं असतं. त्याची खीर उत्तम होते, लादी पाव मात्र दडस होतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणीत ग्लुटेन नाहीच. भाकरी पोळीसारखी लाटायला गेलं की चिरते आणि थापावी लागते, ती याचमुळे.

यीस्टला काय हवं असतं

यीस्ट हा एकपेशीय जीव आहे. तो साखर खातो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल बाहेर टाकतो. वायूने पाव फुगतो, अल्कोहोल भाजताना बरंचसं उडून जातं. बाजारात तीन प्रकार दिसतात. इन्स्टंट यीस्ट बारीक असतं आणि थेट मैद्यात मिसळता येतं. ड्राय अ‍ॅक्टिव्ह यीस्टचे दाणे जाडसर असतात, ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं आणि इन्स्टंटपेक्षा साधारण सव्वापट घ्यावं लागतं. ताजं यीस्ट साबणाच्या वडीसारखं असतं, ते तिप्पट वजनाने घ्यायचं आणि आठ-पंधरा दिवसांत संपवायचं. घरी मी इन्स्टंटच वापरते. फोडलेली पुडी घट्ट झाकणाच्या डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवते, तिथे ते कित्येक महिने टिकतं. ओट्यावर उघडी राहिलेली पुडी पावसाळ्यात फार लवकर मरते.

शंका असेल तर तपासून घ्या. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घाला. दहा मिनिटांत वर जाड, दुधाच्या सायीसारखा फेस आला पाहिजे. चार बुडबुडे येऊन थांबलं तर ते टाकून द्या.

कोमट म्हणजे किती? दुधाला विरजण लावताना जेवढं कोमट ठेवतो तेवढं. बोट सुखाने बुडून राहिलं पाहिजे. ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरतं, आणि घाईत नळाच्या गिझरचं पाणी घेणाऱ्यांचा पाव तिथेच संपलेला असतो. थंडीत यीस्ट मरत नाही, फक्त सुस्तावतं. इडलीचं पीठ जानेवारीत का फुगत नाही हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घराला हे वेगळं सांगायला नको.

यीस्ट मिळतच नव्हतं तेव्हा काय करत? पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि त्यांच्याबरोबर पावही आला. शब्दही त्यांचाच. तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, पीठ आंबवायला माडाची सूर (माडी) वापरली. ताज्या सुरेत रानटी यीस्ट आपोआप वाढत असतं, त्यामुळे पीठ फुगायचं आणि पावाला एक हलका आंबूस गोडवा यायचा. काम तोच जीव करतो, फक्त पुडीऐवजी माडावरून येतो.

साखर, मीठ, दूध, लोणी

साखरेबद्दल मोठा गैरसमज आहे की ती जितकी जास्त तितका पाव फुगतो. मैद्यातच अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते पिष्ट मोडून यीस्टला साखर पुरवत राहतं. म्हणजे साखर अजिबात न घालताही पाव फुगतो. मैद्याच्या पाच टक्क्यांपर्यंत साखर यीस्टला मानवते, पावाला रंगही छान येतो. दहा टक्क्यांच्या वर गेलात की उलट होतं. कैरीच्या फोडींना मीठ-साखर लावल्यावर पाणी सुटतं ना, तसंच जास्त साखर यीस्टच्या पेशींतलं पाणी ओढून घेते आणि ते मंदावतं. गोड बन करताना म्हणूनच यीस्ट दीडपट घ्या आणि वेळही भरपूर द्या. साखरेऐवजी गूळ चालतो, फक्त किसून कोमट दुधात विरघळवून घ्या.

मीठ यीस्टला आवरतं आणि ग्लुटेनला आवळतं. मैद्याच्या १.८ ते २ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला ९-१० ग्रॅम, हे माप मी कधी बदलत नाही. एकदा मीठ विसरले होते. पीठ पाऊण तासात डब्याच्या काठाला आलं, हाताला गमासारखं चिकटत होतं, आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत मधोमध खचलं. चवीलाही पिठूळ, फिकं. मीठ आणि यीस्ट एकत्र आलं की यीस्ट मरतं असं म्हणतात. दोन्ही एकाच चमचाभर पाण्यात कालवून ठेवली तर यीस्टचं नुकसान होतं, हे खरं. कोरड्या मैद्यात दोन बाजूंना घालून मिसळलं तर काही होत नाही.

दुधाने पाव मऊ होतो आणि वरून छान तपकिरी होतो. पण न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन सैल करतात, म्हणून दूध उकळीपर्यंत तापवून निवलेलं हवं. आपल्याकडे पिशवी आणल्या आणल्या दूध तापवतातच, त्यामुळे हे काम आपोआप झालेलं असतं. परदेशात बाटलीतलं दूध थेट पिठात ओतणाऱ्यांनी मात्र ते आधी तापवून घ्यावं, फरक दिसतो.

लोणी किंवा तेल कधी घालायचं हे फार महत्त्वाचं आहे. शंकरपाळ्यांच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो ते पीठ खुसखुशीत व्हावं म्हणून. तेल पिठाच्या कणांना माखतं, पाणी आत जात नाही, ग्लुटेन जुळत नाही. पावात आपल्याला नेमकं उलट हवं आहे! म्हणून आधी पाण्याने जाळी विणून घ्यायची आणि लोणी शेवटी मळायचं. तयार जाळीत गेलेलं लोणी तिला निसरडी करतं, मग ती न फाटता जास्त ताणली जाते आणि पाव उंच व लुसलुशीत होतो.

कच्च्या लसणाची पेस्ट पिठात मळू नका, ती ग्लुटेनही सैल करते आणि यीस्टलाही दाबते. लसूण लोण्यात परतून भाजलेल्या पावावर लावा. दालचिनीचंही तसंच, ती सारणात घाला, पिठात नको. चमचा-दोन चमचे दही चालतं, हलक्या आंबटपणाने बिघडत काही नाही.

बेकरीइतका पाव फुगला नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांसाठी एक सांगते. ग्लुटेन बळकट करायला पूर्वी बेकऱ्यांत पोटॅशियम ब्रोमेट वापरलं जायचं. ते आरोग्याला घातक असल्याच्या कारणाने एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये त्यावर बंदी घातली. घरी तेच काम चांगलं मळणं आणि पुरेसा वेळ हे दोघे करतात.

आता करायला घ्या

१५ पावांसाठी : मैदा ५०० ग्रॅम, पाणी १७५ मिली, तापवून निवलेलं दूध १५० मिली, साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (सपाट दीड चमचा), लोणी ३० ग्रॅम. वजनकाटा वापरा. वाटीने मोजलेला मैदा प्रत्येक वेळी वेगळा भरतो आणि मग पाणी चुकतं.

पाण्या-दुधाचं तापमान ठरवायचा माझा ठोकताळा असा : ५४ मधून खोलीचं तापमान वजा करा. मे महिन्यात खोली ३२ अंशांवर असेल तर २२ अंशांचं, म्हणजे माठातल्यासारखं गार पाणी. डिसेंबरात १८ असेल तर ३६, म्हणजे कोमट. यामुळे मळलेलं पीठ साधारण २७ अंशांवर येतं आणि यीस्टला तेच मानवतं. पहिल्यांदा बारा महिने एकच कोमट पाणी घेत होते, आणि दर उन्हाळ्यात पीठ हाताबाहेर जायचं.

परातीत मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ मिसळा. पाणी-दूध घालून लाकडी चमच्याने नुसतं एकत्र करा. लोणी अजून नको. ओबडधोबड गोळा झाला की झाकून वीस मिनिटं विसरून जा. या वेळात पाणी प्रत्येक कणात मुरतं आणि ग्लुटेनची निम्मी जुळणी न मळताच होते.

मग ओट्यावर घेऊन मळा. सुरुवातीला ते चिकट असेल आणि मूठभर मैदा भुरभुरवायचा मोह होईल. तेवढा टाळा. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ सैल हवं, सैल पिठातच फुगे मोठे होऊ शकतात. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, काटकोनात फिरवा. सहा-सात मिनिटांनी चिकटपणा आपोआप कमी होतो. आता मऊ लोणी तीन वेळा थोडं थोडं घाला. लोणी पडलं की पीठ काही क्षण फाटल्यासारखं, निसटल्यासारखं होतं. घाबरू नका, मळत राहा. पाच-सहा मिनिटांत ते तुकतुकीत होतं.

मळून झालं का हे असं बघा. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारी बाजूंना ताणा. खिडकीच्या उजेडाकडे धरल्यावर आपल्याच बोटांची सावली त्यातून दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता झाला पाहिजे. भोक पडलं आणि त्याच्या कडा खरबरीत, दातेरी असतील तर अजून तीन-चार मिनिटं मळा. भोक पडूनही कड गुळगुळीत असेल तर थांबा, झालंय.

गोळा उभ्या कडांच्या डब्यात ठेवा आणि त्याच्या उंचीला बाहेरून रबरबँड लावा. परातीत किंवा पसरट पातेल्यात दुप्पट झालं का हे कळत नाही, नजर फसते. २७-२८ अंशांना सव्वा ते दीड तास लागतो, मे महिन्यात पाऊण तासातही होतं, थंडीत तीन तास जातात. घड्याळ बाजूला ठेवा, रबरबँड बघा. दुप्पट झालं की ओलं बोट पेरभर खुपसा. खड्डा तसाच राहिला तर तयार. लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. खड्ड्याभोवतीचं पीठ फुस्स करून बसलं तर उशीर झाला, पण या टप्प्यावर काही बिघडत नाही, पुढे चला.

हवा हलकेच दाबून काढा आणि ६०-६० ग्रॅमच्या लाट्या करा. प्रत्येक लाटी कडा खाली ओढून घट्ट, गुळगुळीत वळा. वरची त्वचा ताणलेली असली की पाव पसरत नाही, वर जातो. साधारण २० बाय ३० सेंटीमीटरच्या ट्रेला तेल लावून तीन बाय पाच अशा रांगांत, मध्ये बोटभर जागा सोडून मांडा. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात, बाजूला जायला वाव उरत नाही आणि उंच होतात. लादी पावाच्या बाजू मऊ, पापुद्रेदार असतात त्या यामुळेच.

दुसऱ्यांदा फुगायला पस्तीस ते पन्नास मिनिटं. इथे मात्र जपा. या वेळी जाळी आधीच खूप ताणलेली असते आणि पुढे ओव्हनमध्ये तिला आणखी ताण सोसायचाय. म्हणून पूर्ण दुप्पट होऊ न देता थोडं आधीच थांबा. बाजूने हलकं दाबलं की खड्डा सावकाश, अर्धाच भरून यावा. ओव्हन १९० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवून घ्या. पावांवर दुधाचा हात फिरवा आणि २०-२२ मिनिटं भाजा.

पहिली काही मिनिटं काचेतून बघा, मला आजही बघावंसं वाटतं. पाव डोळ्यांदेखत वर चढतात. उष्णतेने यीस्ट जोरात काम करतं, अडकलेला वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते. मग यीस्ट मरतं, पिष्ट पाणी शोषून घट्ट होतं, ग्लुटेन कडक होतं आणि उंची तिथेच पक्की होते. ओव्हन नीट तापलेला नसेल तर हे घट्ट होणं लांबतं आणि पाव तोवर खचतो.

बाहेर काढल्यावर लोण्याचा हात द्या, स्वच्छ सुती फडक्याने झाका. वीस मिनिटं तरी तोडू नका. वाफ आत मुरते तेव्हाच कवच मऊ पडतं.

काही बिनसलं तर

गोळा अजिबात हललाच नाही आणि खोली उबदार आहे, तर यीस्ट मेलंय. वर सांगितल्याप्रमाणे कोमट साखरपाण्यात तपासा. हळूहळू हलतोय पण वेळ लागतोय, तर गारठा आहे. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून किंवा शेजारी कढत पाण्याचं पातेलं ठेवून डबा आत ठेवा, आणि कृपा करून जास्तीचं यीस्ट घालू नका.

डब्यात छान फुगलं पण ट्रेमध्ये पसरट झालं, तर मळणं कमी पडलं किंवा मैदा दुबळा. ओव्हनमध्ये गेल्यावर मध्यभागी खचलं आणि वरून सुरकुत्या आल्या, तर दुसऱ्या वेळी जास्त फुगवलंत. याउलट पावाची बाजू फाटून आतला भाग बाहेर आला, तळाशी दडस थर राहिला, तर ते कमी फुगलेलं होतं. आंबूस, दारूसारखा वास आला तर यीस्ट जास्त पडलं किंवा पीठ उष्ण होतं.

उन्हाळ्यात माझा पाव रात्रीच होतो. यीस्ट निम्मं, म्हणजे अडीच ग्रॅम घेते, पाणी फ्रिजमधलं, आणि मळून झालेला डबा अर्धा तास बाहेर ठेवून थेट फ्रिजमध्ये. सकाळी तो वर आलेला असतो. गारच लाट्या वळते, त्या हाताला कमी चिकटतात. दुसऱ्यांदा फुगायला दीड तास लागतो, तेवढ्यात मिसळीचा कट उकळून होतो.